दुसऱ्या अंकातली शांतता

“मी विसरले नव्हते!”

हिल्काबाई गुडघ्यांवर बसल्या, वाकल्या आणि माझ्या खोक्यात तोंड घालून ओरडल्या. त्यांच्या गालांवरची पावडर माझ्या हातातल्या संहितेवर सांडली.

“मी गप्प होते. गप्प असणं आणि विसरणं यातला फरक तुला कळत नसेल, टेंबे, तर वर ये, कोट घाल आणि घरी जा.”

“माफ करा. मला वाटलं—”

“तुला वाटलं! प्रॉम्प्टरला काही वाटत नसतं.”

मागे अंधारात बसलेल्या दिग्दर्शकाचा, यॉर्माचा आवाज आला. “हिल्का, पॉज फार लांबला. मलाही तेच वाटलं.”

“मग तूही घरी जा.”

विंगेतून कोणीतरी हसलं. मी संहितेवरची पावडर फुंकत राहिलो. आमच्याकडे प्रॉम्प्टर विंगेत उभा असतो, निदान पाय मोकळे करू शकतो. तिथं मात्र रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत खोदलेला खोका होता. आत शिरलं की छातीपर्यंत जमिनीत, डोकं तेवढं फळ्यांच्या पातळीला आणि प्रेक्षकांना दिसू नये म्हणून मागून लाकडी टोप. विहिरीत उभं राहून जगाकडे पाहावं तसं वाटे.

हे चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्याच्या तोंडावरचं. पूर्व फिनलंडमधलं तळ्याकाठचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून हिल्काबाईंचे नातलग आहेत. मी कऱ्हाडहून भाषाशास्त्र शिकायला त्या देशात गेलो होतो. प्रबंध अर्ध्यावर राहिला. तो पुरा करण्याची कुवत आपल्यात नाही असं मला वाटे, आणि माझ्या प्राध्यापकांना ते आधीच कळलं असावं. पुढे त्या गावच्या वाचनालयात पुस्तकं लावण्याचं काम मिळालं आणि मी राहिलो. नाटकाशी माझा काही संबंध नव्हता. नाट्यगृहाची नेहमीची प्रॉम्प्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि एके दिवशी हिल्का सार्वान्तो वाचनालयात येऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“तू फिनिश पुस्तकातून शिकलास ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“म्हणूनच प्रत्येक अक्षर उच्चारतोस. आमची पोरं निम्मी अक्षरं गिळतात. आणि तुझा आवाज इतका लहान आहे की समोरच्यालाच ऐकू येतो. तू आमचा प्रॉम्प्टर होणार.”

“मला जमणार नाही.”

“मी विचारलं नाही.”

तिकडे सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. मला मात्र एकाहत्तर वर्षांच्या बाईंना ‘तू’ म्हणणं कधी जमलं नाही. मी ‘तुम्ही’ म्हणायचो आणि त्या चिडायच्या. म्हणायच्या, मी काय राष्ट्राध्यक्षांची बायको आहे?

नाटक एका स्थानिक लेखकाचं होतं. समुद्रातल्या एका खडकावर दीपगृह आहे. रखवालदार मेला आहे, दिवा आता यंत्रावर चालतो, आणि म्हाताऱ्या विधवेला किनाऱ्यावर न्यायला तिची भाची आलेली आहे. पहिल्या अंकात भांडणं. दुसऱ्या अंकात भाची खाटेवर झोपून जाते आणि विधवा नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसते. जवळजवळ सगळा अंक एकटीच बोलते. त्या देशात नटी साठीला आली की निवृत्त होते. बाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. या एका भूमिकेसाठी यॉर्मानं त्यांना परत बोलावलं होतं, आणि तालमी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांतच त्याला पश्चात्ताप व्हायला लागला होता.

कारण बाई विसरायच्या. रोज नाही. पण विसरल्या की त्यांचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा कोरा व्हायचा, आणि मी शब्द दिला तर कधी तो झेलायच्या, कधी माझ्याकडे हा कोण माणूस अशा नजरेनं बघायच्या. पंचाईत अशी की गप्प राहणं हाच त्यांच्या अभिनयाचा मोठा भाग होता. त्यांनी मला माझ्या संहितेत पेन्सिलीनं खुणा करायला लावल्या होत्या: इथं श्वास, इथं खुर्चीकडे बघणार, इथं गप्प. पण रोज ठिकाणं बदलायच्या. काल जिथं गप्प राहिल्या तिथं आज धावत सुटायच्या.

त्या ओरडल्या त्याच दिवशी तालमीनंतर मला म्हणाल्या, “चल. पाठ करू.”

बसून पाठ करणं त्यांना माहीत नव्हतं. कोट, टोपी, हातमोजे घालून त्या बाजारचौकाला फेऱ्या मारायच्या आणि मी संहिता उघडी धरून मागे धावायचो. दुपारी तीनलाच अंधारून यायचं. बर्फ अजून पडलं नव्हतं, पण दगडांवर काचेसारखा थर असायचा. मी दोनदा घसरलो. त्या एकदाही नाही.

मासे विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. “ओंडक्यावरची नवरी आली!”

“आले, आले. तुझे मासे ताजे आहेत का माझ्यासारखे?”

“तुझ्याएवढे ताजे नाहीत.”

पुढे गेल्यावर मी विचारलं, “ओंडक्यावरची नवरी म्हणजे?”

“तुला माहीत नाही? सगळ्या देशाला माहीत आहे.” त्या चालता चालता बोलत होत्या. “चाळीस साली मी सिनेमात होते. स्टुडिओ वर्षाला वीस-वीस सिनेमे काढायचा, आणि त्यातल्या निम्म्यात नदीतून ओंडके वाहून नेणारा एक देखणा पुरुष आणि त्याच्यावर भाळलेली शेतकऱ्याची मुलगी. ती मुलगी मी. एकात लग्नाचा पांढरा झगा घालून मी ओंडक्यावर उभी राहते आणि धबधब्यातून खाली येते.”

“खरंच?”

“खरंच कसलं! तो ओंडके वाहणारा एक पोरगा होता. त्याला माझा झगा घातला होता. मी किनाऱ्यावर कॉफी पीत होते. चाळीस वर्षं झाली, लोक त्या पोराच्या तोलाबद्दल माझं कौतुक करताहेत.” त्या थांबल्या. “नंतर नटांचा संप झाला, टीव्ही आला, स्टुडिओ बुडाला. माझ्या बरोबरीच्या दोघी दुकानात उभ्या राहिल्या, एक दारूत गेली. मी गावोगावच्या नाट्यगृहांत आले. आई, सासू, मोलकरीण, पुन्हा आई. कोणी विचारलं नाही की बाई, तुला एक अख्खा अंक देतो, तू एकटी बोल. आता विचारलं. आता!” मग एकदम: “कुठं होतो आपण?”

“‘तू दिवा लावायला निघालास...’”

“तू दिवा लावायला निघालास तेव्हा मी कणीक मळत होते. बरोबर?”

“बरोबर.”

“मग असा घाबरल्यासारखा का बघतोस?”

मी नेहमीच तसा बघतो, हे त्यांना सांगितलं नाही.

पहिला प्रयोग रविवारी होता. शुक्रवारी यॉर्मानं मला कॅन्टीनमध्ये बोलावलं. समोर कॉफी आणि तिकडचा गोड पाव ठेवला. त्या पावात वेलदोडा असतो. एरवी मी तो वासासाठीच खात असे, त्या दिवशी नुसता कुस्करत राहिलो.

“टेंबे, नीट ऐक,” यॉर्मा म्हणाला. “दुसऱ्या अंकात तुला एकदाही शब्द द्यावा लागला, तर बुधवारपासून मारिता ती भूमिका करेल.”

मारिता भाचीचं काम करत होती. पस्तिशीची, उंच, बोलताना केस कानामागे सारणारी.

“बाईंना माहीत आहे?”

“मीच सांगितलं. पाठीमागे कशाला करायचं?”

“मारिताला एवढं पाठ आहे?”

“ती रोज अंकभर खाटेवर झोपल्याचं सोंग करून ऐकतेच आहे.” तो हसला नाही. “मी राक्षस नाही रे. तिला लोकांसमोर बुडताना मला बघायचं नाही. म्हणून दुसरं सांगतो. ती अडली तर लगेच शब्द दे. वाट बघू नकोस. बुधवारचं बुधवारी बघू, रविवारी तिची अब्रू वाचली पाहिजे. कबूल?”

मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमी सोपं गेलं आहे.

त्याच संध्याकाळी चौकात बाई म्हणाल्या, “यॉर्मानं तुला कॉफी पाजली.”

“हो.”

“काय म्हणाला ते मला ठाऊक आहे. आता मी सांगते. दुसऱ्या अंकात मला शब्द द्यायचा नाही. छप्पर कोसळलं तरी नाही. मी जमिनीवर पडले तरी नाही. डॉक्टरला बोलव, पण शब्द देऊ नकोस.”

“पण तुम्ही अडलात तर?”

“तर मी अडेन. अडायला काय लागतं? तोंड बंद ठेवायचं. पण तू तोंड उघडलंस की माझं संपलं. कबूल?”

मी पुन्हा मान हलवली.

शनिवारी मी काय केलं ते नीटसं आठवत नाही. वाचनालयात एक कपाट भरलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं. खोलीत आलो की बाहेर जावंसं वाटे, बाहेर गेलो की खोलीत. दोन्ही माणसांना मी शब्द दिला होता आणि दोन्ही पाळणं अशक्य होतं. मी पत्करलं नसतं तर त्यांना दुसरा कोणी, दोन पायांवर नीट उभा राहणारा प्रॉम्प्टर मिळाला असता, असं सारखं वाटत होतं. संध्याकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर मारिता भेटली. थंडीत उभी राहून सिगारेट ओढत होती.

“टेंबे, उद्या तू काय करणार?”

“माहीत नाही.”

“मला ती भूमिका हवी आहे. नको म्हणाले तर खोटं होईल. पण मला ती हिल्काच्या तोंडातून काढून घ्यायची नाही.” तिनं सिगारेट विझवली. “तू मात्र कमालीचा गरीब दिसतोस रे. जेवतोस ना?”

रविवारी प्रयोगाआधी विंगेमागच्या अरुंद बोळात सगळे जमले. त्या मंडळींत एक प्रथा होती. पहिल्या प्रयोगाआधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत. एकमेकांना मागून गुडघा हाणायचा, ढुंगणावर, चांगला जोरात. ज्याला हाणला त्यानं आभार मानायचे नाहीत. मानले तर शकुन फुकट गेला. मोठी मोठी माणसं एकमेकांच्या मागे धावत होती, हसत होती, प्रकाशयोजनाकारानं यॉर्माला असा हाणला की त्याचा चष्मा उडाला. मी कोपऱ्यात संहिता पोटाशी धरून उभा होतो, तरी मलाही मारितानं एक दिलाच. मी सवयीनं आभार मानणार होतो, तिनं तोंडावर हात ठेवला.

बाई तयार होऊन आल्या. पांढऱ्या केसांचा टोप, मळकी लोकरी शाल. धावणारे जागीच थांबले. मग एकेक जण पुढे आला. यॉर्मानं त्यांना जवळ घेतलं. रंगभूषाकार बाईनं गालाला गाल लावला. मारितानं दोन्ही हात धरले. सगळ्यांनी मिठ्या मारल्या आणि सगळे आपापल्या जागी निघून गेले.

बोळात बाई आणि मी उरलो.

“बघितलंस?” त्या म्हणाल्या. “एकानं तरी लाथ मारली? मिठ्या मारल्या. मिठ्या निरोपाला मारतात.”

“तुमच्या वयाचा मान—”

“मान गेला खड्ड्यात. तू मार.”

“मी?”

“इथं दुसरं कोण आहे? लवकर. घंटा होईल.”

“बाई, आमच्याकडे मोठ्या माणसाला पाय लावत नाहीत.”

“इथं लावतात.” त्या पाठ करून, भिंतीला हात टेकून, किंचित वाकून उभ्या राहिल्या. एके काळी ज्यांच्यासाठी तिकिटांच्या रांगा लागल्या त्या बाई. “टेंबे!”

मी गुडघा उचलला आणि शालीला कसाबसा टेकवला. आणि त्याच क्षणी माझा हात आपोआप पुढे गेला, त्यांच्या खांद्याला लागला आणि माझ्या छातीशी आला. पाय लागला की नमस्कार करायचा, हे हाताला माहीत असतं, डोक्याला विचारावं लागत नाही.

त्या वळल्या. “हे काय केलंस?”

“पाय लागला म्हणून क्षमा मागितली.”

“क्षमा मागितलीस? अरे देवा! मग ते रद्द झालं! आभार मानले तरी फुकट जातं, क्षमेनं तर उलटंच व्हायचं. पुन्हा मार. आणि हात मागे बांध.”

मी संहिता दाराच्या मुठीत अडकवली, हात पाठीमागे धरले आणि डोळे मिटून गुडघा हाणला. तो जरा जास्तच बसला असावा, कारण बाई दोन पावलं पुढे गेल्या आणि टोप कपाळावर आला. त्यांनी टोप सरळ केला. एक शब्द बोलल्या नाहीत. ताठ मानेनं रंगमंचाकडे गेल्या. आणि मी हात घट्ट धरून तसाच उभा राहिलो, न जाणो, सुटले तर पुन्हा छातीशी येतील.

पहिला अंक नीट झाला. लोक हसले, दोनदा टाळ्या आल्या. मध्यंतरात मी खोक्यातून बाहेर आलोच नाही.

दुसरा अंक. खाटेवर मारिता झोपलेली, तोंड माझ्या बाजूला. मध्ये खुर्ची. बाई दिवा घेऊन येतात, खुर्चीसमोर बसतात आणि बोलायला लागतात. माझं बोट ओळीवरून सरकत होतं. त्या दिवशी त्या एक अक्षर इकडचं तिकडे करत नव्हत्या. कणीक मळल्याचं झालं, वादळाचं झालं, मूल जगलं नाही ते झालं. मला वाटलं, निभावलं.

मग त्या म्हणाल्या, “तुला ती पहिली थंडी आठवते का?” आणि थांबल्या.

पुढची ओळ होती, ‘त्या वर्षी बर्फ लवकर आलं.’ इथं पॉजची खूण नव्हती. पण खुणांचा भरवसा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या दिव्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण विधवेच्या चेहऱ्यावर तरी तिथं काय असणार?

शांतता वाढत गेली. फिनिश प्रेक्षक शांततेला भीत नाहीत, त्यांच्या घरी दोन माणसं कॉफी पीत तासभर न बोलता बसतात. ते श्वास धरून बसले होते. पण प्रत्येक शांततेला एक तळ असतो, आणि आपण त्याच्या खाली चाललो आहोत असं मला वाटायला लागलं. माझ्या जिभेवर ‘त्या वर्षी’ तयार होतं. यॉर्माला दिलेला शब्द आठवला. बाईंना दिलेला आठवला. मागे कोणीतरी खोकलं. खाटेवरच्या मारितानं डोळे उघडले. झोपलेल्या भाचीनं डोळे उघडायचे नव्हते. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि ओठांनी, आवाज न करता, म्हटलं: दे.

ज्या मारिताला ती भूमिका हवी होती, ती मला सांगत होती की दे. मी तोंड उघडलं.

आणि माझ्या तोंडून निघालं, “हं.”

मी ते ठरवलं नव्हतं. आमच्याकडे कोणी गोष्ट सांगत असेल तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. आमचे मामा तर हुंकार थांबला की गोष्टच थांबवायचे आणि विचारायचे, “झोपलास का रे?” सांगणारा थांबला की आमच्या घशातून ‘हं’ निघतं, मग आम्ही कऱ्हाडात असू की ध्रुवाजवळ जमिनीत छातीपर्यंत पुरलेले असू.

ते ‘हं’ त्या शांततेत दगडासारखं पडलं. पहिल्या रांगेतली एक बाई दचकली, तिच्या खुर्चीचा आवाज मी ऐकला. मला वाटलं, आता आपण इथंच, या खोक्यात, मरून जावं.

हिल्काबाईंनी हळूहळू मान वळवली. माझ्याकडे नाही. खुर्चीकडे.

“जागा आहेस तर,” त्या म्हणाल्या.

हे संहितेत नव्हतं. सभागृहात एक मोठा श्वास आत ओढल्याचा आवाज झाला.

“मला वाटलं, झोपलास. नेहमीसारखा.” त्यांनी खुर्ची थोडी जवळ ओढली. “मग ऐक. त्या वर्षी बर्फ लवकर आलं...”

तिथून त्या थांबल्या नाहीत. अंक संपेपर्यंत एक ओळ चुकली नाही. मी संहितेकडे बघत नव्हतो, तरी मला ते कळत होतं. पडदा पडला, उघडला, पुन्हा पडला, आणि प्रेक्षक उभे राहिले. माझ्या खोक्यातून मला फक्त फुलांचे देठ आणि बाईंचे लोकरी मोजे दिसत होते.

यॉर्मानं मला बोळात गाठलं. “तू तिला शब्द दिलास?”

“नाही.”

“मी काहीतरी ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. शेजारी वर्तमानपत्राचा समीक्षक बसला होता, तो मला विचारतोय, मेलेल्या नवऱ्याचा हुंकार ही कल्पना कोणाची? मी म्हटलं, माझी.” तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. “काय म्हणालास तू?”

“हं.”

“हा कुठला शब्द?”

“हा शब्द नाही.”

त्यानं डोकं खाजवलं. मग सावकाश विचारलं, “टेंबे, खरं सांग. ती विसरली होती की नव्हती?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. आणि ते अगदी खरं होतं.

“नाही म्हणजे नाही,” तो शेवटी म्हणाला. “शब्द दिला नाहीस तर बुधवारी तीच करेल. मी माझा शब्द फिरवत नाही.”

बाईंच्या खोलीत फुलं होती, आणि त्या आरशासमोर टोप काढून बसल्या होत्या. खाली त्यांचे खरे केस विरळ, घामानं चिकटलेले होते. मला पाहून त्यांनी रंगभूषाकार बाईला बाहेर जायला सांगितलं.

“दार लाव.”

मी दार लावलं.

“तू मला शब्द दिला असतास,” त्या म्हणाल्या, “तर मला त्याचं काय करायचं ते कळलं नसतं. मी ओळ विसरले नव्हते, टेंबे. मी सगळंच विसरले होते. हे नाटक आहे, हे लोक बघताहेत, मी कोण, काही नाही. एक दिवा होता आणि एक खुर्ची. मग कोणीतरी ‘हं’ म्हणालं. मला वाटलं, कोणीतरी ऐकतंय. म्हणजे मी काहीतरी सांगत असणार.” त्यांनी कापसानं एक गाल पुसला. “बाकीचं मागून आलं.”

मी म्हणालो, “डॉक्टरांना...”

“डॉक्टरांना माहीत आहे. तुझ्या आधी माहीत आहे.” दुसरा गाल. “हिवाळाभर प्रयोग आहेत. वसंतात बर्फ वितळेपर्यंत. मला ते करायचेत. मग बसेन घरी, कॉफी पीत, किनाऱ्यावर. पण हे मला करायचंय.”

“पुन्हा तसं झालं तर?”

“होईलच. म्हणून मी ठरवलंय.” त्या आरशातून माझ्याकडे बघायला लागल्या आणि प्रथमच त्यांचे डोळे हसत होते, सिनेमात हसत असतील तसे. “आता मी खूप ठिकाणी गप्प राहणार. रोज वेगवेगळ्या ठिकाणी. पहिल्या अंकातही. आणि प्रत्येक वेळी तू ‘हं’ म्हणायचंस. एवढ्या शांततांत एखादी खरी विसरलेली असली तर कोणाला कळणार? यॉर्माला नाही. त्या समीक्षकाला तर नाहीच.”

“आणि मला कसं कळणार?”

“तुलाही नाही कळणार.”

“पण बाई, मला निदान...”

“टेंबे, आयुष्यात कधी तुला कशाची खात्री वाटली आहे का?”

मी विचार केला. “नाही.”

“मग? दुसऱ्या कोणाला हे काम झेपलं नसतं. तो तिसऱ्या दिवशी मला शब्द देऊन मोकळा झाला असता.” त्यांनी कापूस टोपलीत टाकला. “तुझं मात्र हे असं आहे. तू आयुष्यभर ‘बहुतेक’ म्हणत बसशील आणि तसाच उभा राहशील. जा आता, मला कपडे बदलायचेत.”

बुधवारी बाहेर बर्फ पडत होतं. लोक बूट आपटत आत आले, तरी सभागृह भरलं. रविवारच्या ‘हुंकारा’बद्दल सोमवारच्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं, आणि मागच्या रांगेत यॉर्मा हाताची घडी घालून उभा होता. विंगेत मारिता होती. तिनं माझ्याकडे पाहून केस कानामागे सारले. तिनं नंतर कधी मला काही विचारलं नाही.

पडदा उघडला. बाई दारातून आत आल्या, हातात बादली. पहिली ओळ दारातच होती, आणि ती त्या आजवर प्रत्येक तालमीत पाय आत टाकतानाच म्हणत आल्या होत्या. तिथं कधी पॉज नव्हता.

त्या दारात थांबल्या. बादली खाली ठेवली. खोलीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. आज एवढी वर्षं झाली, अजूनही डोळे मिटले की पाहतो. काही कळत नाही. शांतता उतरत उतरत तळाशी आली, आणि मी तोंड उघडलं.

“हं.”